मागचा डोंगर तेवढा आमचा नाही

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी कितीतरी वर्षं सकाळी फिरायला जातेय. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे त्याचं दुसरं नाव पाटीवर वाचलेलं होतं, पण ओकायामा म्हणजे नक्की कुठे, याची चौकशी कधी केली नव्हती. पुढे जपानी शिकायला लागले. क्लासमध्ये व्याकरण पक्कं होत होतं, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नसे. म्हणून २०१७ मध्ये भाषेच्या सरावासाठी एका ऑनलाइन गटात शिरले आणि ओळख म्हणून त्या बागेचा फोटो टाकला. अर्ध्या तासात एका बाईंचं उत्तर आलं : "ही तर आमची कोराकुएन! मागचा डोंगर तेवढा आमचा नाही."

कोराकुएन म्हणजे जपानमधल्या ओकायामा शहरातली जुनी बाग, आपलं उद्यान तिच्याच धर्तीवर केलेलं. आणि मागचा डोंगर म्हणजे आपली पर्वती.

त्या बाई ओकायामाच्याच, निवृत्त शिक्षिका. पहिल्या दिवसापासून मी त्यांना सेन्सेइच म्हणते. हळूहळू आमचा चौघांचा गट जमला. सेन्सेइ, मी, ओकायामाशेजारच्या कुराशिकी शहराजवळ जीन्स शिवणारा एक मुलगा आणि ओकायामात नोकरीला आलेली एक व्हिएतनामी मुलगी. (नावं लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही.) दर रविवारी आमचे दुपारचे चार, त्यांचे संध्याकाळचे साडेसात. दोन वर्षांत फार थोडे रविवार चुकले.

एकदा सेन्सेइंनी 'इत्तेकिमास' समजावून सांगितलं. घरातून निघताना म्हणायचा शब्द, अर्थ 'जाऊन येते'. मी म्हटलं, अहो, आमच्याकडेही 'जाते' म्हणायचं नसतं, आजी रागवायची, 'येते' म्हणायचं. सेन्सेइंनी तो शब्द वहीत लिहून घेतला आणि तेव्हापासून कॉल बंद करताना त्या 'येते' म्हणायला लागल्या.

नोव्हेंबर २०१९ मध्ये जपानला जायचं ठरलं. घरून पहिला प्रश्न अर्थातच, "स्क्रीनवरच्या माणसांना भेटायला एकटी जाणार?" हा प्रश्न मला मुळीच चुकीचा वाटत नाही. भेट दिवसाढवळ्या आणि गजबजलेल्या ठिकाणी ठरवली, मुक्काम ओसाकातल्या हॉटेलात ठेवला आणि जायच्या आधी नवऱ्याला एका रविवारी कॉलवर बसवून सगळ्यांची ओळख करून दिली. व्हिसाच्या अर्जात कोणत्या तारखेला कुठे असणार याचा तक्ता द्यावा लागतो. तो भरताना सेन्सेइ ट्रेनच्या वेळा काढून देत होत्या. तक्ता पुरा होईपर्यंत अख्खा दिवस मिनिटांसकट आखून झाला होता.

त्यांचा एक आग्रह मला तेव्हा जरा जास्त वाटला होता : "फोन नाहीच असं समजून भेटीची जागा ठरवूया." स्टेशनच्या पूर्वेच्या दारासमोर मोमोतारोचा पुतळा आहे, तिथे साडेनऊला. मोमोतारो म्हणजे पीच फळातून जन्मलेला लोककथेतला मुलगा, ओकायामाचा लाडका. हा आग्रह किती शहाणपणाचा होता ते त्या दिवशी कळलं. शिनओसाकाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात ओकायामाला उतरले, फोन बघते तर इथून घेऊन गेलेलं सिमकार्ड बंद. नकाशा नाही, मेसेज नाही. छातीत धस्स झालं. पण जागा पाठ होती. बाहेर आले, पुतळा दिसला आणि त्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या तिघांपैकी एकीच्या हातात कागद होता. त्यावर देवनागरीत, एकेक रेघ जपून काढलेलं : 'या'.

मी मिठी मारायला पुढे झाले आणि सेन्सेइ कमरेत वाकल्या, म्हणून मीही वाकले. मग त्यांनीच माझे दोन्ही हात हातात घेतले. स्क्रीनवर त्या मला उंच वाटायच्या. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होत्या.

ट्रामने शिरोशितापर्यंत गेलो आणि तिथून नदीकडे चालत. पहिल्या तासाभरात माझं जपानी पार अडखळलं. कॉलवर एका वेळी एकच जण बोलतो, इथे तिघं एकदम बोलत होती, शेजारून ट्राम जात होती आणि ओकायामाची बोली क्लासमधल्या पुस्तकापेक्षा वेगळी. अशा भेटीला जाणाऱ्या कुणालाही मी सांगेन, पहिला तास पदरात काही पडणार नाही असं धरूनच चला. व्हिएतनामी मुलीने ते ओळखलं. तिलाही सुरुवातीला असंच झालं होतं म्हणे. ती माझ्या बाजूने चालत, तेच वाक्य सोप्या शब्दांत पुन्हा सांगत राहिली.

ओकायामाचा किल्ला काळा आहे, म्हणून त्याला उजो, म्हणजे कावळ्यांचा किल्ला म्हणतात. १५९७ मध्ये पुरा झालेला मूळ बुरूज २९ जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आजचा काँक्रीटचा, १९६६ मध्ये उभारलेला. किल्ला आणि बाग यांच्यामधून आसाही नदी वाहते आणि त्या दोघांना जोडणाऱ्या पुलाचं नाव त्सुकिमी, चंद्र पाहण्याचा पूल. तिथे सेन्सेइ थांबल्या. त्यांच्या आईने ती रात्र पाहिली होती. आई तारीख सांगताना कधी अडखळली नाही, म्हणाल्या. मला आमची आजी आठवली. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं ती तारीख तिच्याही जिभेवर अशीच असायची, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं त्यासकट. मोडक्यातोडक्या जपानीत मी ते सांगितलं. सेन्सेइंनी नदीकडे बोट दाखवलं : १९३४ च्या पुरात ही बागही बुडाली होती. त्यानंतर बराच वेळ आम्ही कठड्याला टेकून पाणी पाहत उभ्या होतो. कॉलवर कुणी गप्प झालं की 'आवाज येतोय ना?' असं विचारावं लागतं. इथे कुणी विचारलं नाही.

आणि मग कोराकुएन. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये काम सुरू करवलं आणि १७०० मध्ये बाग पुरी झाली. आधी लोकांची काळजी, मग आपलं सुख, अशा अर्थाच्या एका जुन्या चिनी वचनावरून १८७१ मध्ये तिला हे नाव मिळालं. कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची काइराकुएन यांच्याबरोबर जपानच्या तीन श्रेष्ठ बागांत ती मोजतात. पूर आणि बॉम्ब या दोन्ही वेळी पडझड झाली, तरी जुन्या काळातली चित्रं आणि नोंदी जपून ठेवलेल्या होत्या, त्यांवरून ती पुन्हा उभी केली.

आत पाऊल टाकलं आणि पायांना ओळख पटली. समोर हिरवळ, मधून वळणं घेत जाणारा ओहोळ, पाण्यातले दगड, पलीकडे छोटी टेकडी. मापं निराळी, पुण्याच्या बागेपेक्षा ही किती तरी मोठी, पण पुढच्या वळणावर काय येणार याचा अंदाज बरोबर येत होता. सेन्सेइ हसून म्हणाल्या, "आता तूच दाखव." मी पुढे, तिघं मागे.

टेकडीवर चढल्यावर त्यांनी त्या जुन्या फोटोतल्या डोंगराची गोष्ट पुरी केली. बागेबाहेरचा डोंगर, किल्ला, जे काही मागे दिसतं ते चित्राचाच भाग धरून बाग आखायची. याला ते शाक्केइ म्हणतात, म्हणजे उसना घेतलेला देखावा. इथे मिसाओ डोंगर आणि काळा किल्ला उसने घेतलेत, पुण्यात पर्वती. मागच्या डोंगरावरून पुणं आहे हे त्यांनी म्हणूनच ओळखलं होतं. दहा वर्षं पाहिलेली पर्वती मला त्या टेकडीवर उभं राहून नीट दिसली.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही र्‍युतेनमध्ये घालवला. लाकडी खांबांवर उभं असलेलं, चारी बाजूंनी उघडं बसायचं घर, आणि त्याच्या बरोबर मधून ओहोळ वाहतो. दोन्ही बाजूंना फळ्यांची जमीन, मधल्या पाण्यात निरनिराळ्या रंगांचे सहा दगड. बूट काढून काठावर बसलो. फळ्या गार होत्या, पिढ्यान्‌पिढ्या माणसं बसून बसून गुळगुळीत झाल्यासारख्या. लाल झालेलं मेपलचं एक पान वाहत आलं, तांबूस दगडाला अडलं, गोल फिरलं आणि सुटलं. आम्ही चौघांनी ते पान दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

बागेत क्रौंच पक्षी पाळलेत, डोक्यावर लाल टिळा असलेले. युद्धात इथले क्रौंच उरले नाहीत. ओकायामात शिकलेले चिनी विद्वान ग्वो मोरुओ यांनी १९५६ मध्ये दोन क्रौंच भेट पाठवले, तिथून पुन्हा सुरुवात झाली. ही हकिगत व्हिएतनामी मुलीने सांगितली, आणि तिला ती मनापासून आवडते हे आवाजातच कळत होतं. परक्या देशातून शिकायला आलेल्या माणसाने पाठवलेली भेट, तिला जवळची का वाटणार नाही!

जेवणाचं मी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, आणि शाकाहारी माणसाने सांगावंच. जपानमध्ये नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. भाजीच्या सूपमध्येही सुकवलेल्या माशाचा अर्क, दाशी, असतो. सेन्सेइंनी घरी उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, केले होते आणि माशाऐवजी समुद्री शेवाळाच्या दाशीतलं मिसो सूप थर्मासमध्ये आणलं होतं. मी दिवाळीच्या फराळातल्या चकल्या आणि करंज्या. नदीकाठच्या बाकावर डबे उघडले. चकली मोडल्याचा आवाज ऐकून शिलाईवाला मुलगा म्हणाला, "आवाजावरूनच ताजी आहे."

दुपारी लोकलने कुराशिकी, सतरा-अठरा मिनिटं. पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारं, कालव्याकाठी विलो. ओहारा संग्रहालय १९३० चं, त्यात एल ग्रेको या जुन्या युरोपीय चित्रकाराचं चित्र आहे, पण मला जास्त लक्षात राहिलं ते त्या मुलाचं बोलणं. जपानी जीन्सचं माहेर कोजिमा हे त्याचं गाव. त्याने स्वतःच्या पँटची शिवण उलटून दाखवली, टाके कसे मोजायचे ते शिकवलं. कॉलवर सगळ्यात कमी बोलणारा तो, इथे थांबतच नव्हता.

चहाचं बिल चौघांत सारखं वाटलं. जपानीत वारिकान. मी त्यांना टीटीएमएम शिकवलं : तुझं तू, माझं मी. त्यांना ते इतकं आवडलं, की पुढचं तिकीट काढतानाही तिघं एकसुरात म्हणाली.

ओकायामाला परत आलो तेव्हा अंधारलं होतं. सेन्सेइंनी किबिदांगोचा डबा हातात ठेवला. मोमोतारोने सोबत्यांना हाच खाऊ दिला होता. तिकीट फाटकाशी मी 'सायोनारा' म्हणायला लागले, तर त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "इत्तेराश्शाई." घरातून निघणाऱ्याला घरात राहणारा म्हणतो तो शब्द, जाऊन ये.

मी म्हटलं, "येते."