हरिपूरच्या माणसाचं नाटक

सुवर्णमहोत्सवानिमित्त मुलांनी ‘संगीत शारदा’मधले काही प्रवेश बसवलेत असं कळलं, आणि जानेवारीत मी आईला घेऊन शाळेत आलो. या शाळेत मी 1988 ते 1994 शिकलो. आईची मात्र ही पहिलीच खेप. माझ्या वेळी पालकसभेलाही ती कधी आली नव्हती.

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करायचे. त्यांच्या शर्टाची कॉलर कितीही धुतली तरी पिवळीच राहायची. नाटक हे वाड्यांतल्या लोकांचं, असं आमच्या घरी कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण धरून चाललेलं होतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं झालेलं नाटक, आपला त्याच्याशी काय संबंध!

नववीत असताना मराठीच्या बाईंनी ‘शारदा’ बसवायला घेतलं. मला गळा नव्हता, म्हणून पडद्याची दोरी माझ्याकडे आली. काथ्याचा दोर होता, घाईनं ओढला की तळवे भाजायचे. तालमीला मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचो. एकदा बाईंनी विचारलं,

“तू कुठला रे?”

“हरिपूरचा.”

“मग असा लांब का उभा? देवल तुझ्याच गावचे. गावच्या माणसाचं नाटक आहे, पुढं येऊन बस.”

गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या गावात माझे आजोबा हळदीची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, भरायचे, त्याच गावच्या माणसानं पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख 1899 साली रंगभूमीवर आणलं. त्या संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्यानं, चिंचांच्या झाडांखालून, मी सगळी पदं मोठमोठ्यानं म्हणत सायकल हाणली.

प्रयोगाला वडील यार्डातून थेट आले होते. पास लागत असेल असं वाटून ते फाटकाबाहेरच थांबले. मला ते रात्री घरी गेल्यावर कळलं. “पेटी चांगली ऐकू येत होती,” एवढंच म्हणाले. ते वाक्य मी आजवर विसरलो नाही.

यंदा मंडपात तीच पायपेटी दिसली आणि गलबलून आलं. 2019 च्या महापुरात ती पाण्यात होती. मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणलेली, भात्याचं कापड नवं, पट्ट्या मात्र जुन्याच. कापसाच्या मिशा लावलेला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ आला तशी पोरं खदखदून हसली. पुढं शारदेनं पद घेतलं आणि पहिल्याच ओळीला लाइट गेली.

माईक बंद पडले. पण पायपेटीला आणि तबल्याला विजेशी काय करायचंय? नववीतली ती मुलगी थांबली नाही. क्षणभरच आवाज चाचरला, मग तिनं तो मोकळा सोडला. पूर्वीचे नट माईकशिवाय कसे गात असतील ते मला त्या अंधारात पहिल्यांदा कळलं. मोबाइलचे टॉर्च लागले. मागची माणसं ऐकू यावं म्हणून हळूहळू पुढं सरकू लागली. आई जागची हलेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या पैठणी नेसलेल्या एक बाई वळून म्हणाल्या,

“आजी, या की पुढं! तिथनं काय ऐकू येणार? ए, सरका रे वाईच.”

सतरंजीवर जागा झाली. आई त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. कुणीतरी भडंगाचा कागद पुढं केला, तिनं त्यातून चिमूटभर घेतलं आणि कागद पुढच्या हातात दिला. पद संपलं तेव्हा तिच्या टाळ्या सगळ्यात शेवटी थांबल्या.

मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, “पडदा कोण ओढतंय रं?”

मी उठून विंगेत गेलो. सातवी-आठवीतलं एक पोरगं दोर धरून, जीव मुठीत घेऊन उभं होतं. आता नायलॉनचा दोर आहे, पण भाजतो तोही. “हाताला रुमाल गुंडाळ,” मी म्हटलं, “आणि शेवटचं पद पूर्ण संपू दे. घाई करू नकोस.”