लहान न होणाऱ्या गोष्टी

जहाजाची प्रतिकृती करायला बसलेल्या माणसाला फार लवकर कळून चुकते की लहान होते ते केवळ माप. वस्तू लहान होत नाही. १:७२ या प्रमाणात साडेपाच फूट उंचीचा खलाशी २३ मिलिमीटरचा होतो, तोफ बोटाच्या पेराएवढी होते, आणि कागदावर हा हिशेब अगदी चोख जुळतो. लाकडाला मात्र हा करार मान्य नसतो. सागाच्या फळीवरच्या रेषा आणि बारीक भोके खऱ्या जहाजावर जेवढी असतात तेवढीच प्रतिकृतीवरही राहतात, आणि मग जहाज बहात्तर पटींनी आक्रसलेले असताना त्याच्या अंगावरची भोके बहात्तर पटींनी वाढल्यासारखी दिसू लागतात.

यातली गंमत मुंबईकराला अधिक जाणवावी. ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली बांधली गेली, ती मलबारच्या सागाची. नेपोलियनबरोबरच्या दीर्घ युद्धांनी इंग्लंडमधला जहाजयोग्य ओक दुर्मीळ झाला होता, आणि सागाचा आणखी एक गुण असा की ओकमधले आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, तर सागाचे तेल त्यांना जपते. हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगते आहे. म्हणजे ज्या लाकडाने ते दोनशे वर्षे तगले, नेमके तेच लाकूड त्याच्या प्रतिकृतीला चालत नाही. मी त्यासाठी हेदाचे लाकूड वापरते. त्याचा रंग पिवळसर असतो, पोत दाट असतो आणि रेषा जवळजवळ दिसतच नाहीत. रे रोडच्या वखारीत दोन फुटांचा तुकडा मागणाऱ्या बाईकडे आधी संशयाने आणि मग दयेने पाहिले जाते. पण तुकडा मिळतो.

दोराचे दुखणे याहून अवघड आहे. डोलकाठीला बाजूंनी ताणून धरणाऱ्या जाड दोरांवर खलाशांना चढण्यासाठी आडवे दोर बांधलेले असतात. दोन आडव्या दोरांमधले अंतर साधारण सव्वा फूट, म्हणजे प्रतिकृतीवर पाच मिलिमीटरच्या आसपास. आणि जिथे जिथे आडवा दोर उभ्या दोराला भेटतो तिथे तिथे एक गाठ. गाठींचे मला काही वाटत नाही, कारण हात एकदा बसला की रेडिओ ऐकत ते काम होते. खरा प्रश्न असतो तो दोराच्या वजनाचा. खरा दोर स्वतःच्या भाराने किंचित खाली झुकतो आणि ती झुकलेली रेषा पाहूनच डोळा त्याला दोर म्हणतो. सुताला तेवढे वजनच नसते. ते ताठ राहते, कधी तर वरच्या बाजूला कमान काढून बसते, आणि मग समोरचे जहाज गुरुत्वाकर्षण नसलेल्या कुठल्यातरी ग्रहावरचे वाटू लागते. यावर उपाय म्हणजे सुती दोरा मेणबत्तीच्या ज्योतीवरून झटकन फिरवून त्याची लव जाळायची, तो मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घ्यायचा, आणि बांधून झाल्यावर पातळ केलेल्या फेव्हिकोलचा थेंब लावून, गोंद वाळेपर्यंत सुईच्या टोकाने त्याला हलकेच खाली दाबून धरायचे. थोडक्यात, जो झोल निसर्गतः पडला असता तो हाताने पाडायचा. खरे दिसावे म्हणून इतके खोटे दुसऱ्या कुठल्या छंदात करावे लागत असेल, असे मला वाटत नाही.

या खोटेपणालाही शिस्त असते. दोन फुटांवरून प्रतिकृती पाहणारा माणूस हिशेबाने खऱ्या जहाजापासून १४४ फुटांवर उभा असतो. तेवढ्या अंतरावरून फळीतला एकेक खिळा दिसेल का? दिसणार नाही, दीड इंची लाकडी खुंटी १:७२ मध्ये अर्ध्या मिलिमीटरची होते. तरीही प्रदर्शनांत अशी जहाजे हटकून भेटतात ज्यांच्या डेकवर खिळ्यांचे ठिपके गोवर उठल्यासारखे उमटलेले असतात. करणाऱ्याच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण ते कष्ट दिसावेत म्हणून जहाजाला बळी देणे मला पटत नाही. डेकच्या फळ्यांमधल्या, काथ्या आणि डांबर भरलेल्या काळ्या रेघा मात्र लांबूनही नजरेत येतात, म्हणून त्या दाखवायच्या. त्यासाठी प्रत्येक पट्टी चिकटवण्यापूर्वी तिच्या एका कडेवरून मऊ शिशाची पेन्सिल फिरवायची. दोन्ही कडांना फिरवली तर रेघ जाड होते आणि सगळा डेक सुतकी दिसतो.

काय गाळायचे याची समज या छंदात फार जुनी आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लिश आरमारासाठी केलेल्या प्रतिकृतींपैकी, बहुधा १:४८ प्रमाणातल्या, अनेकींत पाण्याखालच्या भागावर फळ्या लावलेल्याच नसतात. जहाजाच्या फासळ्या उघड्या दिसतात. याउलट नेपोलियनच्या काळात इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉसच्या छावणीत अडकलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातल्या हाडांतून जहाजे घडवली आणि ती बाजारात विकली. त्यांच्याजवळ नकाशे नव्हते, त्यामुळे त्यांच्या जहाजांची प्रमाणे पुष्कळदा चुकलेली असतात. मला ती तरीही आवडतात.

मुंबईत आणखी दोन गोष्टी प्रमाण मानत नाहीत, त्या म्हणजे हवा आणि घर. पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, कोरड्या दिवसांत आक्रसतात आणि जूनमध्ये घट्ट बसवलेल्या सांध्यात जानेवारीत केसभर फट दिसते. म्हणून बाहेरच्या फळ्या मी दिवाळीनंतरच लावते. खाऱ्या हवेचा एक फायदाही होतो. जहाजाच्या तळावर ठोकलेले तांब्याचे पत्रे सुमारे चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद असत. ते १७ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटर होतात. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या तांब्याच्या चिकटपट्टीतून ते कापायचे आणि वार्निश न लावता सोडून द्यायचे. काळसरपणा हवा आपणहून आणते, अगदी खऱ्यासारखा. घराला मात्र असला उपाय नाही. ‘ट्रिंकोमाली’च्या तोफांचा डेक १:७२ मध्ये ६४ सेंटिमीटर भरतो; पुढची तिरकी काठी धरून काचेची पेटी मीटरभर होते. जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ २१३ मीटरची. तीच १:७२ मध्ये करायची तर तीन मीटर जागा हवी, म्हणजे हॉलमधून स्वयंपाकघरात जायची वाट बंद. म्हणून लोक ती १:३५० मध्ये करतात, ६१ सेंटिमीटरांत. नाहीतरी खऱ्या ‘विक्रांत’लाही या शहरात जागा पुरली नाही, २००१ ते २०१२ संग्रहालय म्हणून उभी राहून ती शेवटी दारुखान्यात तोडली गेली.

“ही पाण्यात चालते का हो?” असे शेजारी विचारतात. चालणार नाही, कारण पाणीही लहान होत नाही. बादलीतली लाट या जहाजाला वादळ वाटेल.

बाजारात मिळणारे संच बहुतेक इंग्लिश, फ्रेंच किंवा स्पॅनिश जहाजांचे असतात. कान्होजी आंग्र्यांच्या काळातले गलबत करायचे तर सगळे स्वतःच कापावे लागते. माझ्या मनात सध्या तेच आहे. जहाज आकाराने लहान, त्यामुळे १:४८ परवडेल आणि वल्हेकरी ३५ मिलिमीटरचा होईल. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, बाक कसा घ्यावा हे पाहायला मी ओहोटीच्या वेळी भाऊच्या धक्क्याकडे जाते. तिथल्या होड्यांना आता इंजिन असते, पण दुरुस्तीला कलती केलेली होडी दिसली की तळाची वळणे नीट उतरवून घेता येतात. वल्ही आधी करणार आहे. पन्नासेक लागतील, आणि ती सगळी एका साच्यातून निघाली नाहीत तर पुढचे काम सुरू करण्यात अर्थ नाही.