ई २२० चा डॅश उतरवताना

एसीचा गॅस टिकत नाही ही तक्रार मार्च लागला की रोज येते. बहुतेक वेळा कंडेन्सरला दगड लागलेला असतो, नाहीतर कॉम्प्रेसरचं सील गेलेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत गाडी हातावेगळी होते. डॉक्टरबाईंची मर्सिडीज मात्र त्यातली नव्हती. १९९६ ची ई २२०, म्हणजे कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४ बॉडी. दर उन्हाळ्यात कुणीतरी गॅस भरून द्यायचं आणि थोड्याच दिवसांत परत गरम हवा. "पैशाचं राहू दे रे," बाई म्हणाल्या, "पण नक्की काय झालंय ते एकदा तरी कुणी सांगा."

ही गाडी पुण्याचीच म्हणायला हवी. मर्सिडीजने भारतात १९९५ मध्ये सुरुवात केली ती याच मॉडेलने. जर्मनीहून सुटे भाग यायचे आणि इथे टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात त्यांची जोडणी व्हायची. चाकणचा कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००९ मध्ये झाला. आमच्या गॅरेजमध्ये एक काका आहेत, त्यांनी तरुणपणी त्या जोडणीवर काम केलेलं आहे. म्हणून अशी गाडी आली की मी बॉनेट उघडायच्या आधी काकांना हाक मारतो.

आधी नायट्रोजन भरून प्रेशर लावलं आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा नाही. मग गॅसबरोबर यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग सोडला, गाडी बाईंना दोन-चार दिवस वापरायला दिली आणि परत आल्यावर एसी चालू ठेवून खालून निचऱ्याचं पाणी धरलं. यूव्ही दिव्याखाली ते पाणी पोपटी चमकलं. म्हणजे कूलिंग कॉइलच फुटलेली. मारुती ८०० ला ग्लोव्ह बॉक्स काढला की कॉइलचा डबा हाताशी येतो. या गाडीत तो डबा डॅशच्या मागे मधोमध बसवलेला आहे, आणि तिथवर पोचायचं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवण्याला पर्याय नाही. इतक्या सगळ्यांनी नुसता गॅस का भरला हे तिथेच कळतं. कारण माहीत असलं तरी त्या कामाला हात घालायची कुणाची तयारी नसते.

बाईंना फोन केला. खर्च सांगितला, दिवस सांगितले. त्या एवढंच म्हणाल्या, "लाकूड सांभाळ हं."

ते लाकूड म्हणजे झेब्रानो. आफ्रिकेतलं, उभ्या पट्ट्यापट्ट्यांचं. दिसतं भरीव, पण वर पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर लॅकरचा जाड थर. तीस वर्षांच्या उन्हाने तो थर काचेइतका ठिसूळ होतो. कडेला पेचकस घालून उचकटलं की तडा गेलाच. प्लास्टिकचंही तेच: नवीन क्लिप वाकते, जुनी मोडते. म्हणून काम सुरू करण्याआधी गाडी काचा बंद करून उन्हात लावली. पुण्याच्या मार्चमध्ये तासाभरात आतलं सगळं पुरेसं तापतं आणि क्लिपा थोड्या नरम पडतात. हिवाळ्यात हेच काम करायचं तर हेअर ड्रायर घेऊन एकेक तुकडा शेकत बसावं लागतं.

बॅटरी काढली आणि चहा होईपर्यंत गाडीला हात लावला नाही, कारण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग होती आणि तिच्या सर्किटमधला उरलेला करंट उतरायला वेळ द्यावा लागतो. मग स्टिअरिंगच्या मागचे दोन टॉर्क्स स्क्रू सोडून एअरबॅग अलगद बाहेर काढली आणि तोंड वर करून वेगळ्या कपाटात ठेवली. ती पालथी ठेवायची नाही, हे मी नवीन पोरांना दरवेळी सांगतो. चुकून उडाली तर मोकळ्या हवेत उडू दे, खाली दाबून अख्खी वस्तू छताला जायला नको. स्टिअरिंग एकाच मोठ्या एलन बोल्टवर असतं. चाक आणि दांडा यांच्यावर खूण केल्याशिवाय मी ते कधीच काढत नाही.

मीटरला स्क्रू नाही. तो खाचेत नुसता दाबून बसवलेला असतो आणि दोन्ही कडांनी बारीक हुक घालून समोर ओढायचा असतो. काकांनी त्यासाठी सायकलचे स्पोक वाकवून हुक केलेत, तेच आम्ही वापरतो. घाई इथे फार महाग पडते, कारण मागे स्पीडोमीटरची केबल असते. ती ढिली व्हायला इंजिनच्या बाजूने थोडी आत ढकलावी लागते. एकाने बॉनेटखालून ढकलायचं, दुसऱ्याने गाडीत बसून मीटर धरायचा.

आता कन्सोल. या गाडीत काचांची बटणं दारांवर नाहीत, गिअरच्या दांड्याभोवतीच्या लाकडी पट्टीत आहेत. ॲशट्रे बाहेर काढला की मागे स्क्रू दिसतात. ते सोडले की पट्टी मागून उचलायची आणि बटणांचे कप्लर खालून सुटे करायचे. ॲशट्रे काढला आणि स्क्रूच्या जागी एकच स्क्रू सापडला. दुसऱ्या जागी अरॅल्डाइट. पट्टीच्या कडेला पेचकसाचे चावे आणि लाकडाला आडवा तडा, त्यावर तपकिरी पॉलिश फासून लपवलेला. आमच्या आधी कुणीतरी इथे येऊन गेलं होतं.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, धारदार पात्याने अरॅल्डाइट कणाकणाने खरवडायला बसले आणि दुपारभर तेच करत राहिले. मी त्यांना म्हटलं, "काका, पट्टी दुसरी मिळेल, बघू का?" ते म्हणाले, "दुसरी मिळेल, पण लाकडावरच्या रेषा याच्याशी जुळणार नाहीत. सगळे तुकडे एकमेकांशी जुळवून यायचे." पट्टी सुटली तेव्हा तडा तेवढाच होता, एक मिलिमीटरही पुढे गेला नाही.

त्यानंतर काम वेगाने झालं. रेडिओ, एसीचा पॅनल, ग्लोव्ह बॉक्स, गुडघ्याजवळची पॅनेलं. मी प्रत्येक स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच्या चित्राशेजारी पुठ्ठ्यात खोचून ठेवतो, कारण या गाडीत स्क्रूंच्या लांब्या वेगवेगळ्या आहेत आणि ते उगीच नाही. काकांनी उभ्या उभ्या क्रम सांगितला: "आधी एसीचा डबा बसायचा, मग वायरिंग, मग डॅश, मग मीटर आणि स्टिअरिंग, लाकूड सगळ्यात शेवटी. तू उलटा चाल, कुठे अडणार नाहीस." आणि खरंच कुठे अडलो नाही. दोघांनी मिळून डॅश उचलला आणि दारातून तिरका बाहेर काढला.

मागे जे दिसलं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मधल्या झरोक्याच्या जवळ मूळ आखूड स्क्रूऐवजी कुणीतरी लांब सेल्फ टॅपिंग स्क्रू ठोकला होता. तो डॅशमधून आरपार जाऊन मागच्या व्हॅक्यूमच्या पाइपमध्ये घुसला होता. या गाडीत हवा कुठून यायची हे ठरवणाऱ्या झडपा व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेण्याच्या जोरावर, चालतात. रबराच्या पडद्याची एक डबी ओढते आणि झडप उघडते. पाइपच फुटलेला, मग मधल्या झरोक्यांतून हवा कुठून यायची? बाई म्हणत होत्या, "मधून वारा येतच नाही, सगळा काचेवर जातो." प्रत्येकाने त्यांना ब्लोअर कमजोर झालाय म्हणून सांगितलं होतं. ब्लोअर उत्तम होता. दोष त्या एका चुकीच्या स्क्रूचा होता.

एसीचा डबा उघडला तेव्हा कॉइल दिसेचना. तिच्यावर बोटभर जाडीचा ओला काळा थर होता, आणि चिमटीत धरून बघितला तर तो पाल्याचा होता. बाईंच्या घरासमोर गुलमोहर आहे. गुलमोहराची पानं इतकी बारीक की वायपरखालच्या जाळीतून सहज आत जातात, आणि या गाडीत त्यांना अडवायला केबिन फिल्टर नव्हता. एसी चालला की कॉइलवर पाणी जमतं, पाला भिजतो, कुजतो, आणि ॲल्युमिनियम हळूहळू खातो. निचऱ्याची नळीही त्यानेच अर्धी बुजलेली. थर धुतल्यावर कॉइलच्या खालच्या कडेला सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली, पांढरट गंज चढलेली. वर्षानुवर्षं तिथूनच गॅस गेला होता. मी फोटो काढून बाईंना पाठवले. त्या स्वतःच गाडी बघायला आल्या, बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हे तर निदानाशिवाय औषध चाललं होतं."

नवी कॉइल, नवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह, गॅसमधला ओलावा शोषणारा नवा ड्रायर, जोडांतल्या सगळ्या ओ-रिंगा. फुटलेला व्हॅक्यूम पाइप बदलला, आणि डॅश बाहेर असतानाच झडपांच्या सगळ्या डब्या हातपंपाने तपासल्या. दोन डब्यांचे रबरी पडदे फाटलेले निघाले, तेही बदलले. एवढा डॅश परत कोण उतरवणार? हे पडदे स्वस्त असतात, पण त्यांच्यापर्यंत पोचायची मजुरी मोठी असते, म्हणून मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो की उघडलंय तर सगळं करून घ्या. वायपरखालच्या जाळीच्या आतून बारीक स्टीलची जाळीही लावली. कंपनीने दिलेली नव्हती, पण गुलमोहर काही हलणार नाही.

डॅश परत बसवताना प्रत्येक भोकात त्याचाच स्क्रू गेला. हरवलेला एक स्क्रू आमच्या जुन्या डब्यात सापडला, त्याच लांबीचा. तडा गेलेली पट्टी काकांनी ओळखीच्या सुताराकडे नेली. फर्निचरला व्हिनिअर चढवणारा माणूस, त्याने तड्यात पातळ डिंक सोडला, दाबून ठेवला आणि लॅकरचा हात दिला. शोधलं तर दिसतो, नाहीतर नाही.

पाऊण तास पंपाने एसीतली हवा ओढून काढली, पंप बंद केल्यावर काटा हलला नाही. मग स्टिकरवरच्या वजनाप्रमाणे आर १३४ ए गॅस भरला. मधल्या झरोक्यात थर्मामीटर धरला, बाहेर ३७ होतं आणि आत ८ दाखवलं.

बाई गाडी घेऊन गेल्या, पण लवकरच परत येणार आहेत. बॉनेट उघडं असताना मी इंजिनच्या वायरिंगला हात लावला होता आणि वरचं आवरण बोटांत भुगा होऊन आलं. नव्वदच्या दशकातल्या मर्सिडीजचं हे दुखणं प्रसिद्ध आहे. तेव्हाचं ते आवरणच टिकणारं नव्हतं, गरम इंजिनवर ते आपोआप सुटतं आणि तारा उघड्या पडतात. हार्नेस, म्हणजे वायरिंगचा अख्खा संच, बाहेरून मागवलाय. तोवर गाडी पावसात काढू नका, असं सांगून ठेवलंय.