आईची सीट तिरकी अडली तेव्हा

आमच्या कॅम्पर व्हॅनची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीची, ड्रायव्हरशेजारची सीट मी मागे वळवत होते. ती साधारण 40 अंश फिरली आणि अडली. पुढे सरकेना, मागेही येईना. आई मागे ओट्याला धरून उभी होती, मी सीट वळवून देईन आणि मग बसू, म्हणून वाट बघत. बाहेर पावसाची झड लागली होती, तलावाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. प्रवासाचा तो सहावा दिवस. समुद्राची वाट सोडून आम्ही डोंगरात शिरलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिंड ओलांडायची होती.

ज्यांनी कॅम्पर व्हॅनमधून प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. या गाड्यांमधल्या ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या सीटखाली बहुतेक वेळा फिरती प्लेट बसवलेली असते. गाडी थांबली की सीट मागे वळवायची आणि तिचं तोंड घराकडे करायचं. छोट्या व्हॅनमध्ये वेगळी खुर्ची ठेवायला जागाच नसते, त्यामुळे त्या दोन सीट हीच आमची बैठक. आईसाठी तर शेजारची सीट म्हणजे सगळं घर आहे. तिचे गुडघे दुखतात. मागचा बाक खाली आहे आणि टेबलाच्या आड आहे, तिथून तिला उठवत नाही. सीटची उंची तिला बरोबर बसते, दोन्ही बाजूंना हात टेकायला आधार आहे, पाठीला टेकण आहे. पाच संध्याकाळी ती तिथेच बसून विणत होती, खिडकीतून बाहेर बघत होती.

आणि आता ती सीट तिरकी होऊन बसलेली. पुढून मागे यायची वाट अडलेली. मागे तोंड करून बसता येईना, कारण गुडघे दाराला लागत होते. गाडी पुढे काढायचाही प्रश्नच नव्हता. मागच्या बाकाला बेल्ट नाही, म्हणजे आईला बसवायला हीच एक जागा. सीटचा बेल्ट आणि एअरबॅग समोर तोंड करून नीट बसलेल्या माणसाचा हिशेब धरून केलेले असतात. शिवाय लॉकमध्ये न बसलेली सीट वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर कुठे जाईल याचा भरवसा नाही.

मी पहिल्यांदा जे केलं ते चुकीचं होतं. सीटचं लॉक सोडवणारा लिव्हर जोरात ओढला. मग गुडघा टेकवून खांद्याने सीट ढकलली. मग डब्यातला गंज सोडवायचा स्प्रे काढला आणि लॉकच्या खिट्टीवर, प्लेटच्या फटीत, जिथे नळी पोचेल तिथे मारला. त्या स्प्रेने पुढे माझं एक तास काम वाढवलं, ते येईलच.

आई मागून म्हणाली, "अगं, जोर नको करूस. मशीन अडली की आपण काय करतो? चाक हळूच उलटं फिरवून बघतो. कुठे अडतंय ते हाताला कळतं."

आईने तीस-बत्तीस वर्षं शिवणकाम केलं आहे. शटलमध्ये दोरा अडकल्यावर जो चाकावर जोर करतो तो सुई मोडतो, हे मी लहानपणापासून ऐकलं आहे. मी हात काढून घेतला. त्या रात्री आई बिछान्याच्या कडेला उशा लावून बसली, पाय खाली सोडून. तिला ते सोयीचं नव्हतं, पण तिने एकदाही तसं बोलून दाखवलं नाही. मला झोप नीट लागली नाही.

सकाळी पाऊस उघडला होता. तलावावर धुकं होतं आणि पाण्यापर्यंत उतरत गेलेला गवताचा काठ ओला चमकत होता. गाडी किंचित उतारावर उभी होती. आधी ती सपाट जागेवर घेतली, अगदी चालीच्या वेगाने, आई खाली उभी असताना. हे महत्त्वाचं आहे. गाडी तिरकी असली की सीटचं सगळं वजन प्लेटच्या एका कडेवर येतं आणि धडधाकट प्लेटसुद्धा जड फिरते. सीट काही कमी वजनाची नसते, आमची 20 ते 25 किलोंच्या घरातली असेल. सपाटीवर आल्यावर फरक पडला नाही, म्हणजे कारण दुसरं होतं.

मग आईने सांगितलं तसं केलं. लिव्हर ओढून धरला आणि दोन बोटांनी सीट हळूच इकडे, मग तिकडे हलवली. ती बोटभर हलत होती, आणि दोन्ही टोकांना टक् असा कोरडा आवाज येत होता. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ग्रीस सुकून घट्ट झालं असेल, गंज असेल किंवा वाळू बसली असेल तर सीट चिकटल्यासारखी जड होते. थोडी सरकते, घासते, करकरते. इथे तसं काहीच नव्हतं. मधला बोटभर प्रवास अगदी मोकळा होता आणि दोन्हीकडे लोखंडाला लोखंड लागत होतं. लॉकची खिट्टीही नव्हती, कारण आमच्या प्लेटला खिट्टी बसायच्या जागा दोनच, एक समोर आणि एक बरोबर मागे. 40 अंशांवर तिला शिरायला खाचच नाही.

"परवापासून वळवताना घासल्यासारखा आवाज येतच होता," आई म्हणाली. "मला वाटलं वाळू असेल." मलाही तसंच वाटलं होतं. दोन दिवस समुद्रकाठी काढल्यावर गाडीत सगळीकडे वाळू होती, तेव्हा प्रत्येक आवाज वाळूच्या नावावर टाकणं सोपं होतं.

आता प्लेटची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोलादाच्या दोन तबकड्या एकावर एक असतात. खालची सीटखालच्या पेटीला पक्की, वरची सीट पुढे-मागे सरकते त्या रुळांना. मध्ये गोळ्यांची बेअरिंग किंवा प्लॅस्टिकची सरकती कडी असते आणि एक आस असतो. तो बऱ्याचदा बरोबर मध्यावर नसतो, थोडा बाजूला असतो, म्हणजे फिरताना सीट दारापासून आत सरकते. आमच्या प्लेटमध्ये वरची तबकडी रुळांना चार बोल्टनी खालून जोडलेली आहे, म्हणजे बोल्टची डोकी दोन तबकड्यांच्या मधल्या फटीत येतात. त्यांना पाना कसा लावायचा? त्यासाठी खालच्या तबकडीला एक भोक असतं. सीट थोडी थोडी फिरवायची, एकेक बोल्ट त्या भोकावर आणायचा आणि खालून घट्ट करायचा.

वाकून काही दिसत नव्हतं. फोनचा कॅमेरा चालू केला, टॉर्च लावला आणि फोन पेटीच्या पुढच्या झाकणातून आत सरकवला. त्याआधी पेटीतल्या दुसऱ्या बॅटरीवर जाड कापड टाकलं. कित्येक कॅम्परमध्ये घरातल्या दिव्यांची बॅटरी सीटखालीच असते, आणि तिच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर क्षणात लाल होतो. गाडीच्या बॅटरीचीही निगेटिव्ह वायर काढली आणि थोडा वेळ थांबले. सीटखालून जाणारी पिवळ्या जोडणीची वायर एअरबॅगची किंवा बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेची असते. त्या यंत्रणेत बारूद असतो आणि बॅटरी काढल्यावरही तिच्या कंट्रोल युनिटमध्ये काही मिनिटं वीज साठून राहते. पिवळ्या जोडणीला मी हात लावणार नव्हते, पण तिच्या शेजारी हात घालणार होते.

फोनवरचं चित्र आईने आणि मी चष्मे लावून बघितलं. खालच्या तबकडीवर एक चकचकीत कमान ओरखडली होती, कंपासने काढावी तशी. ती कमान भोकाच्या काठाशी येऊन संपत होती. आणि भोकात एका बोल्टचं डोकं दोनेक मिलिमीटर खाली उतरलेलं दिसत होतं.

म्हणजे झालं होतं ते असं. हादऱ्यांनी तो बोल्ट सैल होत होत आट्यातून खाली आला. त्याचं डोकं खालच्या तबकडीवर टेकलं आणि दरवेळी सीट वळवताना घासत राहिलं. तोच आईने ऐकलेला आवाज. वरची तबकडी त्या कोपऱ्यावर किंचित उचललेली राहत होती. बोल्ट आणखी थोडा सैल झाला आणि त्या संध्याकाळी नेमका भोकावर आला तेव्हा सीटच्या वजनाने तबकडी खाली बसली, डोकं भोकात उतरलं आणि काठाला अडकलं. त्यामुळे ना पुढे, ना मागे.

त्याच्या शेजारीच वायरींची जुडी होती. तिचा बांधायचा पट्टा सुटला होता आणि एक वेटोळं फटीच्या तोंडाशी लोंबत होतं, पिवळ्या जोडणीकडे जाणारं. आदल्या संध्याकाळी मी खांदा लावून ढकलताना सीट थोडी जरी पुढे सरकली असती तर ते दोन पोलादी तबकड्यांमध्ये कातरलं गेलं असतं. ते बघून माझे हात थंड पडले.

सगळ्यात समाधानाची गोष्ट पुढे आहे. बोल्ट ज्या भोकात अडकला होता ते पाना घालायचंच भोक होतं. म्हणजे तो नेमका हाताशी होता. अर्धगोल डोक्याचा आठ एमएमचा बोल्ट, त्याला पाच नंबरची ॲलन की, म्हणजे डोक्यातल्या खाचेत बसणारी षटकोनी किल्ली लागते. पेटीतून हात आत घातला, आईने वरून सीटची कड दोन्ही हातांनी किंचित उचलून धरली, आणि मी की फिरवली. पहिले दोन वेढे बोटांनीच गेले, इतका तो सैल होता. चौथ्या वेढ्याला डोकं वर गेलं. आईने हात सोडला, सीटला नुसतं बोट लावलं, आणि ती आपोआप वळली.

पण तिथे थांबून चालण्यासारखं नव्हतं. पुष्कळ गाड्यांमध्ये बेल्टचं बक्कल सीटलाच जोडलेलं असतं, आमच्याही. म्हणजे अपघातात माणसाचा बराचसा भार बक्कलमधून रुळांवर, रुळांवरून या चार बोल्टांवर आणि प्लेटवर येतो. 70 किलोचं माणूस, आणि धडकेत गुरुत्वाकर्षणाच्या 20 पट झटका धरला, तर एकूण भार 1400 किलोंच्या आसपास जातो. बेल्टच्या बैठकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमधला 14 क्रमांकाचा नियम आणि सीटच्या मजबुतीसाठी 17 क्रमांकाचा नियम आहे, ते यासाठीच. त्या चारांपैकी एक बोल्ट सैल होत असताना माझी आई सहा दिवस बसून आली होती. हे लिहितानाही मला अस्वस्थ व्हायला होतं.

म्हणून चारही बोल्ट एकेक करून काढले. एक काढायचा, स्वच्छ करायचा, परत बसवायचा, मगच पुढचा. चारही एकदम काढले की सीट मोकळी होते आणि एकट्या माणसाला ती भोकांवर परत जुळवणं फार कष्टाचं आहे. दुसरा बोल्टही अर्धा वेढा सैल निघाला. हादऱ्यांनी बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांवर गोंद लावतात, त्याची खूण कुणावरच नव्हती. माझ्याकडे अशा गोंदाची, निळ्या थ्रेड लॉकरची, छोटी नळी होती. हा गोंद हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की धरतो, पण आट्यांवर तेल असेल तर नीट धरत नाही. आणि आटे तर मी आदल्या रात्रीच स्प्रेने न्हाऊ घातले होते. तो तास यात गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना दात घासायचा ब्रश आणि चिंध्या. भोकांतले आटे पुसायला चिंधीची वात करून पीळ देत आत घालावी लागली. वाती आईने करून दिल्या.

प्लेटबरोबर आलेला कागद मी गाडीच्या फाइलमध्ये जपून ठेवला होता, त्यावरचा आकडा बघून टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, बोल्ट आवळले. तो आकडा इथे मुद्दाम देत नाही, प्रत्येक प्लेटचा आणि बोल्टचा वेगळा असतो. हाताच्या अंदाजाने आवळू नका एवढंच सांगते. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर ताणून कमजोर होतो आणि वरून कळत नाही.

वायरींची जुडी पेटीच्या कडेला नवीन पट्ट्यांनी बांधली, फिरताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवून. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवून टॉर्चने पुन्हा बघितलं. खिट्टीभोवतीची वाळू पुसून ब्रशने थोडं लिथियम ग्रीस लावलं. बॅटरी जोडली, चावी फिरवली, एअरबॅगचा दिवा लागला आणि नेहमीसारखा विझला.

गोंदाला पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात. खिंड त्या दिवशी राहिली. दुपारी ऊन पडलं, आईने सीट पाण्याकडे वळवून घेतली आणि अर्धा हात मफलर विणून काढला. मी ड्रायव्हरच्या सीटखाली फोन घातला. तिथे हँडब्रेक सीटच्या बाजूलाच आहे, तो खाली केल्याशिवाय सीट वळत नाही, म्हणून आधी गाडी गिअरमध्ये टाकली आणि चाकांखाली दगड लावले. तिथले बोल्ट घट्ट होते, तरी तेही काढून गोंद लावून बसवले.

एक दिवस सोडून सकाळी आठ वाजता निघालो. खिंडीची वाट अरुंद होती, वरचा तुकडा कच्चा, खडीचा. गाडी सतत थरथरत होती आणि माझं अर्धं लक्ष शेजारच्या सीटखाली होतं. माथ्यावर थांबलो. धुक्यातून पलीकडची दरी हळूहळू उघडत होती. मी पेटीचं झाकण काढून ॲलन की एकेका बोल्टला लावली. चारही जिथल्या तिथे.

"झालं का गं?" आईने विचारलं. तिने लिव्हर ओढला, पायाने जमिनीला रेटा दिला आणि सीट स्वतःच दरीकडे वळवली. आवाज आला नाही.