अमके तुमचे कोण?

इंदूरात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिल्या दोन मिनिटांत तीन प्रश्न होऊन जातात. आडनाव काय, राहायला कुठे, आणि मग तो मोठा प्रश्न, "म्हणजे लोकमान्य नगरातले अमके तुमचे कोण?" आणि कोणीतरी असतातच. नसले तर आईच्या बाजूने काढतो, तिकडे नाही सापडलं तर शाळेच्या बाजूने. होळकरांच्या काळात आलेली घरं, नंतर नोकरीसाठी आलेली घरं, रामबाग म्हणू नका सुदामा नगर म्हणू नका सगळीकडे पसरलेत लोक, पण गणपतीच्या आरतीला, नाटकाला, लग्नात फिरून फिरून तेच चेहरे. मला हे आवडायचं, अजूनही आवडतं. फक्त काउन्सेलिंग शिकायला लागल्यापासून या एका सवयीने माझी जेवढी फजिती केलीये तेवढी फ्रॉइडच्या चॅप्टरने पण नाही केली.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात, मी 19 वर्षं शाळेत गणित शिकवलं. तास संपला की एक-दोन पोरं मागे रेंगाळायची, वही हातात पण शंका गणिताची नसायची, घरचं काहीतरी असायचं. मी आपली काहीतरी सांगून पाठवायचे आणि मग रात्रभर वाटायचं की आपण चुकीचं तर नाही ना बोललो. शेवटी 41 व्या वर्षी इग्नू या मुक्त विद्यापीठातून एमए सायकॉलॉजीला नाव घातलं, दोन वर्षांचा कोर्स मी तीन वर्षांत केला (मधे मुलीची बारावी आणि आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन). आता नवीन लोकांना हा रस्ता बंद झालाय बरं का, यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन मोडमध्ये शिकवायला मनाई केलीये. मला दोन्ही वाटतं. घर-नोकरी सांभाळणाऱ्या बाईला रेग्युलर कॉलेज कुठून जमणार हेही खरं, आणि तीन वर्षं मी हाताने असाइनमेंट लिहून लिहून पानं भरली पण तू समोरच्याचं बोलणं मधेच तोडतेस हे मला एकदाही कोणी समोर बसून सांगितलं नाही, हेही खरं. ते कळलं नंतर, काउन्सेलिंगच्या डिप्लोमाला, पहिल्याच शनिवारी.

नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तू आता डॉक्टर का?" नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात शिकलेला डॉक्टर, औषधं तोच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर आरसीआयचं रजिस्ट्रेशन लागतं, म्हणजे 1992 च्या कायद्याने झालेली रिहॅबिलिटेशन कौन्सिल. आणि काउन्सेलर? या शब्दाला इतकी वर्षं कोणी वालीच नव्हता, आठ दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून उद्या कोणीही बोर्ड लावावा, आणि लावलेत पण. 2021 मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला, त्यात काउन्सेलर मंडळींचंही नाव आहे. मी आपली सध्या स्वतःला ट्रेनी म्हणते, आणि एका संस्थेच्या सेंटरवर शनिवारी सुपरव्हिजनखाली बसते. बिनपगारी, अर्थात.

हां, तर फजिती. डिप्लोमाला तिघा-तिघांचे गट करतात, एक काउन्सेलर, एक क्लाइंट, एक बघणारा, आणि हे फिरतं ठेवतात. बघणाऱ्याच्या हातात घड्याळ आणि कागद. माझ्या पहिल्या दहा मिनिटांचा कागद अजून जपून ठेवलाय: सल्ला 6, "का" ने सुरू होणारा प्रश्न 5, "असं काही नसतं गं" 2, शांतता 0. बघणारा पोरगा तेवीस वर्षांचा, त्याने तो कागद मला दोन्ही हातांनी दिला, दीदी सॉरी म्हणत. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1942 मध्येच पेशंट सोडून क्लाइंट हा शब्द धरला होता, सल्ले देणं थांबवा, माणसाला त्याचं त्याला सापडू द्या म्हणाला होता, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं. मार्क पण चांगले पडले होते!

पुढचं लिहिण्याआधी एक सांगते. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना विचारून लिहितेय, त्यांनी हे वाचलंय, आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

सेंटरवरच्या माझ्या अगदी सुरुवातीच्या क्लाइंट. तिशीतल्या, लग्न होऊन इंदूरात आलेल्या. खोली छोटी, खुर्च्या अगदी समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या, म्हणजे समोरच्याला तुमच्याकडे बघायचं नसेल तर भिंतीकडे बघता यावं. घड्याळ त्यांच्या डोक्यामागे, मला दिसेल असं. टिश्यूचा डबा त्यांच्या हाताशी, पण आपण उचलून द्यायचा नाही, दिला की त्याचा अर्थ आता रडणं आवरा असा होतो. सगळं व्यवस्थित मांडलं होतं मी. त्यांनी आडनाव सांगितलं, कॉलनी सांगितली, आणि माझ्या तोंडून निघालंच, "अय्या, म्हणजे तुम्ही त्यांच्या सूनबाई का? गणेश मंडळवाले?"

मांडीवर पर्स होती. तिची चेन त्यांनी उघडली, बंद केली, उघडली, बंद केली. "हो," म्हणाल्या. मग उरलेली चाळीस मिनिटं आम्ही इंदूरचा उन्हाळा आणि मुलाची शाळा यावर बोललो. म्हणजे मी बोलले.

सेशन संपला की व्हर्बेटिम लिहायचं असतं, क्लाइंट हे बोलला, मी हे बोलले, नाटकाच्या संहितेसारखं, आठवेल तितकं शब्दशः. आमच्या सुपरवायझर मॅडम हिंदीभाषी, त्यामुळे मला मराठी सेशन हिंदीत करून द्यावं लागतं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, "आप सुन रही थीं या वंशावली बना रही थीं?" मी म्हटलं मॅडम जिनोग्राम पण असतोच ना. असतोच, म्हणजे घरातली माणसं आणि त्यांचे संबंध दाखवणारा नकाशा, आणि खरं सांगू तो मला वर्गात सगळ्यात भारी जमतो, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, भांडण असेल तिथे नागमोडी रेघ, संबंध तुटले असतील तिथे रेघ मधेच कापलेली. आपल्या आत्या-मावश्या हे कागदाशिवाय तीन पिढ्यांपर्यंत करतात. मॅडम म्हणाल्या जिनोग्राम क्लाइंट सांगतो तसा काढतात, आपल्याला आधीच माहीत असेल तसा नाही.

मला वाटलं त्या परत येणारच नाहीत. आल्या. आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखता का?" आता यावर खरं तेच सांगायचं असतं. मी सांगितलं की मंडळात सासऱ्यांना लांबून पाहिलंय, घरी येणं-जाणं नाही, इथलं काहीही बाहेर जाणार नाही, तरी अवघड वाटत असेल तर सेंटरवर दुसऱ्या ताई आहेत, हिंदीतल्या, त्यांच्याकडे जोडून देते आणि मला वाईट वाटणार नाही. (वाटलं असतं.) त्यांनी थोडा विचार केला. "हिंदीत मला भांडता येतं," म्हणाल्या, "रडता नाही येत."

त्या दिवशी नीट बसून गोपनीयतेचं सगळं बोललो, जे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात कलम 23 गोपनीयतेचंच आहे, पण तिला मर्यादा आहेत आणि त्या आधीच सांगाव्या लागतात: जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट आली तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, आणि सुपरवायझरशी मी नाव न घेता बोलते. शेवटी एक करार. बाहेर कुठे भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर मीही दाखवेन, आणि तेव्हासुद्धा इथलं बोलणं नाही. इंदूरात हे कलम पाहिजेच, पुण्या-मुंबईत कधीतरी लागत असेल, आपल्याकडे सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाताना लागतं.

मग भाषेचं. हिंदीत "आप" म्हटलं की माझं आपोआप बरं चालतं, एक टेबलभर अंतर राहतं. मराठीत मी "तुम्ही" म्हणायचे तर त्या अवघडायच्या, "अहो तू म्हणा ना", आणि "तू" म्हटलं की पुढच्या मिनिटाला मी मावशी व्हायचे, मावशीकडे सल्ले तयार असतात. शेवटी "तुम्ही" वरच राहिलो. पण शब्द इतके ओळखीचे असतात ना की कानावरून निसटतात. चौथ्या की पाचव्या सेशनला त्या म्हणाल्या, "जीव नकोसा झालाय अगदी." मी मान हलवली, पुढे गेले. आपल्याकडे मे महिन्यात लाईट गेली तरी जीव नकोसा होतो, आमच्या आईंचा तर आठवड्यातून दोनदा होतो. घरी येऊन व्हर्बेटिम हिंदीत करायला बसले तेव्हा पेन थांबलं. लिहिलं, "जीने का मन नहीं करता." ते वाक्य कागदावर बघून माझे हात गार पडले.

मॅडमना तिथल्या तिथे फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "आपने पूछा?" नाही विचारलं. पीएचक्यू-9 या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नाबद्दल मी पाठ म्हणून दाखवू शकते, गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं असं किंवा स्वतःला इजा करावी असं कितीदा मनात आलं, शून्य ते तीन. सरळ विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही हेही शिकलेय, उलट बोलायला वाट मिळते. तरी विचारलं नाही, कारण मला वाटलं की मला कळलंय.

पुढच्या शनिवारपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं, दुसऱ्या दिवशी सकाळीच सेंटरवरून फोन केला आणि विचारलं, स्पष्ट, "मरणाचा विचार येतो का" याच शब्दांत. मराठीत हे वाक्य उच्चारायला मला चार वेळा आरशासमोर सराव करावा लागला. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मी पण नाही बोलले, त्या कागदावरचा शांतता शून्य आठवत होता. मग म्हणाल्या, "तसं रोज नाही हो. पण दिवाळीत एकदा आलं होतं." तिथून पुढे काय काय केलं ते त्यांचं आहे, इथे लिहिणार नाही. एवढंच की सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, रात्री-अपरात्रीसाठी काय करायचं ते कागदावर लिहून ठेवलं, त्यात टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर होता, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, तुमच्याही फोनमध्ये असू द्या. आता त्या बऱ्या आहेत.

परवाच्या संक्रांतीनंतर एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. नेहमीचंच, दारात चपलांचा ढीग, आत वीस-पंचवीस जणी, वाणाला स्टीलचे छोटे डबे. मी आत शिरले तर समोर सतरंजीवर त्या, शेजारी त्यांच्या सासूबाई. नजरानजर झाली. मी तिळगूळाच्या ताटाकडे वळले, त्यांनी मुलाच्या स्वेटरचं बटण लावलं. पण मैत्रीण कसली ऐकते, दंड धरून मला तिथेच नेऊन बसवलं, "अगं तुमची ओळख करून देते, तुम्ही तर एकाच भागातल्या!"

"नमस्कार," मी म्हटलं.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. पर्स मांडीवर होती, चेन बंद. मग अगदी सरळ चेहऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही राहायला कुठे? म्हणजे लोकमान्य नगरातले अमके तुमचे कोण?"