पाळकघराच्या किल्ल्या

पिंपरीचा फ्लॅट बंद करून आम्ही दोघे गेल्या जूनमध्ये नेवासे तालुक्यातल्या एका लहान गावी तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या सेवेसाठी राहायला आलो. सेवेला जायचे म्हणजे वचन सांगायचे आणि प्रार्थना चालवायच्या, एवढीच माझी कल्पना होती. पहिल्याच दिवशी मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी आमच्या हाती तेरा किल्ल्यांचा जुडगा ठेवला, आणि त्यांतली कोणती कुठली हे समजून घेण्यातच पहिला आठवडा गेला.

दीक्षा मिळालेल्या पाळकांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, चार गावांच्या मंडळ्या असल्यामुळे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात आणि प्रभुभोजन व बाप्तिस्मे त्याच दिवशी होतात. उरलेल्या रविवारी उपासना चालवणे, बुधवारी बायकांची सभा घेणे, शुक्रवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जाणे आणि रिकामे पडलेले पाळकघर उघडे ठेवणे, हे काम आमच्याकडे आहे. मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका आणि आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दोघांनाही मानधन नाही, खर्च आमच्याच पेन्शनमधून चालतो. त्यावरून कधी कुरकूर केली की हे मला ऐकवतात, की ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडले होते. मी म्हणते, "अहो, पण त्यांच्या घरातल्या डब्यात काय होते, ते त्यांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना विचारायला हवे होते."

ह्यांनी येताना बारा प्रवचने वहीत लिहून आणली होती. गावाला त्यांच्या हातातला पाना अधिक उपयोगाचा आहे हे पंधरा दिवसांत उघड झाले. आमच्या ख्रिस्ती देवळाचा ॲम्प्लिफायर, हातपंप, कोणाचे शिवणयंत्र, कोणाची मोटारसायकल अशी दुरुस्त्यांची रीघ लागली, आणि गावात ते 'मेस्त्री' झाले. मला सगळे 'बाई' म्हणतात. दुपारी चारनंतर ओसरीवर मुले अभ्यासाला बसतात, त्यांत मंडळीतली निम्मीच असतात. रविवारी पेटी ह्यांच्याकडे असते आणि टाळ तरुण मुलांकडे. टिळकांची गायने इथल्या म्हाताऱ्या बायकांना पुस्तकाशिवाय येतात. मीच अजून पान शोधत असते.

दसरा झाला की मंडळी अर्धी होते, कारण बरीच घरे ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. नाताळाच्या उपासनेत पुढच्या बाकांवर बहुतेक म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे होती. त्या महिन्यांत आमचे काम सर्वांत वाढते, कारण ताप आलेल्या नातवाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारे घरात कोणी नसते. रांगेत केसपेपर काढणे, औषध कधी द्यायचे ते पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहून देणे आणि फोनवर त्याच्या आईला दोन्ही वेळा कळवणे, असे दिवस जातात. सेवेच्या अहवालात हे कोणत्या रकान्यात लिहावे हे मला अजून उमगलेले नाही.

जुडग्यातली सर्वांत लहान किल्ली लोखंडी कपाटाची आहे. त्यात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे आहेत. अमेरिकन मराठी मिशनने नगरला 1831 मध्ये काम सुरू केले आणि पुढे आसपासच्या खेड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या. 1970 मध्ये त्या उत्तर भारतीय चर्चमध्ये आल्या. गावोगावच्या अशा कपाटांत त्या साऱ्या काळाचे कागद साठले आहेत. आमच्या कपाटातली जुनी पाने हात लावताच चुरा होतील अशी झाली आहेत. मी ती रोज थोडी उतरवून काढते. रजिस्टरात एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, अशी माणसे पुष्कळ आहेत; त्याची कारणे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळणाऱ्या 1950 च्या आदेशापर्यंत जातात, म्हणून मी कोणाला त्याविषयी विचारत नाही.

मार्चमध्ये एक आजी आपले वय पाहायला आल्या. आधार कार्डाप्रमाणे त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत, आणि एसटीचा मोफत प्रवास पंचाहत्तरीनंतर मिळतो. दोन दुपारी पाने चाळल्यावर त्यांचा बाप्तिस्मा सापडला: तान्ह्या वयातला, आईवडिलांच्या नावांसह. हिशेबाने त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निघाल्या. मी त्यांना सांगितले, की कंडक्टर आधार कार्डच पाहील, हा उतारा तिथे चालायचा नाही. तरी त्यांनी तो माझ्याकडून लिहून घेतला, पहिल्या रविवारी पाळकसाहेबांची सही आणि शिक्का घेतला, आणि घडी करून बटव्यात ठेवला. पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी एकाच गाडीत होतो. आजींनी कागद पुढे केला. कंडक्टरने तो शेवटपर्यंत वाचला, पुढच्या बाकावरच्या पोराला उठवून आजींना बसवले, आणि अर्धे तिकीट काढून त्यांच्या हातात दिले.