तुम्ही विचारलंत म्हणून : त्सुता सरच का?

ऑगस्टमध्ये ओसाकाला आमच्याकडे कुणी उतरलं की टीव्हीवर सकाळपासून शाळकरी पोरांचं बेसबॉल लागलेलं बघतं आणि विचारतं, "यात एवढं काय आहे? आणि तुम्ही सारखं नाव घेता ते त्सुता कोण? आपल्या आचरेकर सरांपेक्षा मोठे का?"

मोठे-लहान मी करत नाही. आचरेकर सरांबद्दल मला नितांत आदर आहे. पण शिवाजी पार्क मुंबईत आहे, तिथे पोरं आपणहून सरांना शोधत यायची. फुमिया त्सुता होते शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतातल्या इकेदा या डोंगरातल्या गावात. तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये ते सामाजिक शास्त्रं शिकवायचे. युद्धात त्यांची आत्मघाती वैमानिकांच्या तुकडीत भरती झाली होती. युद्ध संपलं म्हणून ते वाचले. 1950 साली थोडे दिवस व्यावसायिक संघाकडून खेळले, मग गावी परतले. 1952 मध्ये इकेदाच्या संघाची सूत्रं हाती घेतली.

निशिनोमियाच्या कोशिएन स्टेडियमवर उन्हाळ्यात हायस्कूलची राष्ट्रीय स्पर्धा होते, वसंतात दुसरी. जपानमधल्या बेसबॉल खेळणाऱ्या प्रत्येक पोराचं स्वप्न म्हणजे कोशिएन. तिथे पहिल्यांदा पोचायला त्सुता सरांना 1971 उजाडावं लागलं. एकोणीस वर्षं! प्रांतात ते स्वतः शिकले ती शाळा, तोकुशिमा शोग्यो, बलाढ्य होती, तीच वाट अडवायची. इतकी वर्षं रिकाम्या हातांनी परतणाऱ्या शिक्षकाला शाळेने काढलं नाही आणि त्यांनीही गाव सोडलं नाही. मला ही गोष्ट सगळ्या विजेतेपदांहून मोठी वाटते.

1974 च्या वसंतात ते आले तेव्हा संघात पोरं होती अवघी अकरा. सराव इतका खडतर की बाकीची गळून गेलेली. मैदानावर नऊ लागतात, म्हणजे बाकावर दोघंच. त्या अकरांनी अंतिम फेरी गाठली. हरले, पण सगळ्या जपानला इकेदा कुठे आहे ते कळलं.

त्याच वर्षी हायस्कूल बेसबॉलमध्ये धातूची बॅट आली. आता बहुतेक शाळांचं तंत्र असं होतं : धावपटू पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांपैकी पहिल्यावर, पोचला की पुढच्याने बंट करायचा, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता हळूच खाली टाकायचा, स्वतः बाद व्हायचं आणि त्याला एक बेस पुढे सरकवायचं. एकेका धावेसाठी असं झुरायचं. त्सुता सरांनी हे मोडलं. पोरांकडून वजनं उचलून घेतली, दंड-मनगटं भक्कम केली आणि सांगितलं, पूर्ण ताकदीने फिरवा. 1982 च्या उन्हाळी अंतिम सामन्यात समोर होती हिरोशिमा शोग्यो, बंट आणि काटेकोर खेळासाठी प्रसिद्ध शाळा. इकेदाने पहिल्याच डावात सहा धावा कुटल्या, सामना 12-2 ने जिंकला. पुढचं वसंताचं विजेतेपदही त्यांचंच, 1986 चंही.

सगळंच डोक्यावर घ्यावं असं मात्र नाही. त्या काळात एकेका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराच्या, खांद्यावर अख्खी स्पर्धा असायची. आठवड्याला 500 चेंडूंची मर्यादा यायला 2020 उजाडलं. ती आली हे फार बरं झालं. पोरांचे खांदे कुठल्याही चषकापेक्षा मोलाचे.

डोंगरातल्या पोरांना एकदा तरी मोठा समुद्र दाखवावा, एवढीच आपली इच्छा होती, असं सर म्हणायचे. 1992 मध्ये त्यांनी संघ सोडला, 2001 मध्ये ते गेले. नंतर इकेदा कोशिएनवर दिसेनाशी झाली. 2014 च्या वसंतात ती बावीस वर्षांनी परत आली आणि पहिला सामना जिंकली. प्रशिक्षक होता त्सुता सरांच्याच हाताखाली खेळलेला त्यांचा विद्यार्थी.